पातेल्याखालची रेंज

"बाळाचं नाव मी न्हाणीघरातून ठेवणार नाही," शालन म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

मी तेव्हा न्हाणीघरात खिडकीशी उभा होतो. एक पाय बादलीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि हातातला फोन खिडकीच्या मधल्या गजाला टेकवलेला.

"ठेवू नकोस. मी आपलं पाहून ठेवतोय. वेळ आलीच तर."

"वेळ आली तरी नाही. पोरगं मोठं झाल्यावर विचारेल, आत्या, तू माझं नाव कुठून ठेवलंस? काय सांगू? साबणाच्या वडीशेजारून?"

हा प्रश्न बिनतोड होता. मी बादली ओलांडून बाहेर आलो.

आमचं घर साताऱ्यात, किल्ल्याच्या अगदी कुशीत, तळमजल्यावर. डोंगर इतका जवळ की ऊन आमच्याकडे सगळ्या गावाला भेटून झाल्यावर येतं, आणि मोबाइलची रेंज येतच नाही. जी काय येते ती न्हाणीघराच्या त्या एका गजापाशी. तिथे बोलणं होतं, चित्र दिसत नाही. गच्चीवर चांगली येते म्हणतात, पण शालनच्या गुडघ्यांना गच्ची मान्य नाही. मी जन्मभर टेलिफोन खात्यात काढला, त्यामुळे रेंज का येत नाही हे मला ठाऊक असलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. पण माझा सगळा जन्म तारांत गेला. तार दिसते, हाताला लागते, तुटली की तुटलेली कळते. हवेतून आलेल्या गोष्टींपैकी माझा विश्वास फक्त शेजारच्या फोडणीवर.

शेजारून मात्र आमच्याकडे फोडणीबरोबर वायफायही यायचं. शेजारी टेंबे. अनंतराव टेंबे एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर कारखान्याचं स्टोअर सुटलं, पण स्टोअरकीपर सुटला नाही. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला झाकण. मुलीने त्यांना वायफायची डबी बसवून दिली ती नेमकी आमच्यामधल्या भिंतीवरच्या फळीवर. दुसऱ्याच दिवशी अनंतराव आमच्याकडे आले.

"पेंढारकर, भिंतीतून तसंही तुमच्याकडे जातंच आहे. वाया कशाला घालवायचं? फोन आणा."

मी फोन दिला. त्यांनी पाठ फिरवली, फोन पोटाशी धरला आणि पासवर्ड टाकून परत दिला. सांगितला नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. स्टोअरमधला माल देतात, किल्ली देत नाहीत.

टेंब्यांकडून आलेली कुठलीही वाटी, डबा, ताटली शालन कधी रिकामी परत पाठवत नसे. वायफायला भांडं नसल्यामुळे तिची पंचाईत झाली होती. मग ती अधूनमधून आमचंच भांडं भरून पाठवायची. टेंबेवहिनी ते परत भरून पाठवायच्या. अशा रीतीने त्या वर्षी आम्हा चौघांचीही वजनं वाढली.

तर बारसं. ज्याचं बारसं तो आता शाळेत जातो आणि मला फोनमधलं शिकवतो, एवढी ही गोष्ट जुनी.

दिगंबर हा शालनचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे इतका की आमच्या लग्नात तो पंगतीत माझ्या मांडीवर झोपला होता. तो मेलबर्नला गेला, लग्न करायचं विसरला, मग एकदम आठवल्यासारखं केलं आणि पंचेचाळिशीला टेकताना त्याला मुलगा झाला. शालनला भाऊ हा एकच. त्या बाळाला आत्या ही एकच. आणि आमच्या घरी आम्ही पहिल्यापासून दोघंच, त्यामुळे पाळण्याशी एवढ्या जवळून संबंध येण्याची शालनची ही पहिली वेळ, आणि एकूण वयं पाहता शेवटचीही.

नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. तोपर्यंत ते कुणाला कळू द्यायचं नाही. सांगून झालं की भोवतालच्या बायका आत्याच्या पाठीत दणादण बुक्के मारतात. का मारतात ते मला माहीत नाही. बहुधा इतके दिवस गुपित ठेवल्याबद्दल असावं.

शालनने गुपित ठेवलं ते माझ्यापासूनसुद्धा. महिनाभर मी खडे टाकत होतो.

"विठ्ठल?"

"नाही."

"तुझ्या वडिलांचं?"

"नाही. आणि तुम्ही विचारू नका. तुम्हाला तर मुळीच सांगणार नाही."

"मला तर म्हणजे?"

"भाजी चिरून द्या."

तिकडे मेलबर्नला दिगूची मेहुणी पल्लवी तयारच होती. तिने शालनला फोनवर दोनदा म्हटलं होतं, "आत्या, नेटचा काही प्रॉब्लेम आला तर काळजी करू नका हं, मी आहे. मावशीने ठेवलं तरी चालतं आजकाल." तिच्याकडे रेयांश हे नाव तयार होतं, आणि ते तिने अर्ध्या मेलबर्नला सांगूनही टाकलं होतं. शालनने फोन ठेवल्यावर एकच वाक्य उच्चारलं, "चालतं म्हणे." मग दिवसभर ती भांडी जरा जोरात ठेवत होती.

अडचण एकच होती. दिगूने नाताळच्या सुट्टीतला दिवस काढला, हॉल घेतला, लोकांना बोलावलं, आणि मग कळलं की त्याच सकाळी आमच्याकडे सूर्यग्रहण. शालनने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, ग्रहण जिथे दिसतं तिथेच पाळायचं. तिकडे दिसत नाही, बारसं खुशाल करा.

"पण आत्या इकडे आहे," शालन म्हणाली.

गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडलं. त्यांच्याही पोथीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा.

"आवाज तिकडे पोचणार ना?"

"पोचला तर पोचणार."

"मग तिकडचं धरा."

म्हणून त्या सकाळी शालन नऊच्या आधीच नारायणपेठ नेसून, नथ घालून, खुर्चीत बसली होती. समोर स्टुलावर पितळी डबा, डब्याला टेकवून ठेवायला फोन. सगळी तयारी झाली होती, आणि फोनवरचं वायफायचं चिन्ह, जे रोज उघडलेल्या पंख्यासारखं दिसायचं, त्याचा फक्त खालचा ठिपका उरला होता.

"काल रात्री तर पंखा पूर्ण होता," मी म्हणालो.

"मग आज काय झालं? तुम्ही काही केलंत का?"

मी तोपर्यंत काहीही केलेलं नव्हतं. जे केलं ते यानंतर. आमच्या खात्यात एक पद्धत होती, लाइन नीट लागेना की जोड काढायचा आणि नव्याने बसवायचा. शेकडा नव्वद वेळा चालतं. मी वायफायच्या नावावर बोट ठेवलं. फोन मराठीत होता. त्याने विचारलं, हे नेटवर्क विसरायचे का? मी म्हटलं, विसर. तो विसरला. मग मी पुन्हा त्याच नावावर बोट ठेवलं, तर त्याने शांतपणे पासवर्ड विचारला.

"काय झालं?" शालनने विचारलं.

"जोड काढलाय."

"मग बसवा."

"तो अनंतरावांकडे आहे."

शालनने माझ्याकडे जे पाहिलं ते ग्रहणात पाहू नये अशा प्रकारचं होतं.

मी फोन घेऊन शेजारी गेलो. दार टेंबेवहिनींनी उघडलं, अगदी थोडंसं. त्यांच्या हातात अर्धं बिस्किट होतं.

"मला सूट आहे हो, भावजी," माझी नजर पाहून त्या घाईने म्हणाल्या. "साखर आहे ना. आजाऱ्याला ग्रहण नसतं. आवाज करू नका, हे बसलेत."

हे म्हणजे अनंतराव. देव्हाऱ्यासमोर पाटावर, ओला पंचा नेसून, हातात माळ घेऊन, डोळे मिटून बसले होते. डिसेंबरातला सातारा आणि ओला पंचा, त्यामुळे जपाला आपोआप कंप आला होता.

"अनंतराव, एक मिनिट. पासवर्ड पाहिजे होता."

अनंतरावांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

"मौन आहे त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "मोक्षापर्यंत. अकराला सुटेल. मग सांगतील."

"अकराला काय उपयोग? बारसं आत्ता आहे!"

"आत्ता? शालनताई तर म्हणाल्या होत्या, दुपारी तीनला!"

"तिकडचे तीन, वहिनी."

वहिनींनी बिस्किट तोंडात टाकलं, म्हणजे दोन्ही हात कपाळाला लावता आले. "अगंबाई! आम्ही म्हटलं, तीनला म्हणजे ग्रहण सुटून, अंघोळी होऊन, जेवणं होऊन. हे तर म्हणत होते, तेव्हा आपणही जाऊन बसू."

पाटावरून "हूं" असा दुःखी आवाज आला. माणूस मनाने चांगला होता. मी फोन त्यांच्यापुढे केला.

"बोलू नका. नुसता टाका. मागच्यासारखा."

अनंतराव फोनपासून असे मागे सरकले की पाट वाजला. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं, मग आमच्या न्हाणीघराच्या दिशेने बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओल्या पंच्याकडे. अर्थ स्पष्ट होता. जो फोन दिवसातून चारदा न्हाणीघरात जातो त्याला सोवळ्यात कोण शिवेल? इतकी वर्षं मी त्या गजापाशी उभा राहून मोठमोठ्याने बोलत होतो, त्याचं फळ मला असं मिळालं.

एवढ्यात शालनही आली. नथ सावरत, एका हाताने भिंत धरत.

"काय ठरलं?"

"मौन," मी म्हणालो.

"म्हणजे बोलायचं नाही. बोटं दाखवायला बंदी आहे का?" ती पाटासमोर जाऊन उभी राहिली. "अनंतभावजी, आकडे आहेत का त्यात?"

अनंतरावांनी मान हलवली. आहेत.

"दाखवा."

त्यांनी माळ कानाला अडकवली, देवाकडे एकदा पाहिलं आणि चार बोटं वर केली. मग पुन्हा चार. मग सात. मग एक. आणि मग बोट हवेत गोल फिरवलं.

"गोल? शून्य?" मी विचारलं.

जोरात नकार. पुन्हा बोट गोल फिरलं.

"परत तेच!" वहिनी एकदम ओरडल्या. "चव्वेचाळीस एकाहत्तर, परत चव्वेचाळीस एकाहत्तर. अहो, हा तर आपल्या स्कूटरचा नंबर! ती हिरवी!" त्या क्षणभर खूश झाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "माझा वाढदिवस विचारला तर पंचांग काढतात. आणि विकून टाकलेली स्कूटर दोनदा आठवते."

अनंतरावांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. मौनाचे फायदे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मी आकडे टाकले. फोनने घेतले. जोडले असा शब्द आला, आणि मागोमाग फोन वाजायलाच लागला. दिगू. पडद्यावर एक हॉल आला, फुग्यांची कमान, पाळणा, पाळण्याभोवती रंगीबेरंगी साड्या, आणि ते सगळं आलं तसंच गोठलं. दिगूचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"...ताई... येत नाही... ऐकू..." त्या उघड्या तोंडाच्या मागून कुठून तरी शब्द आले. मग एका बाईचा आवाज, तो मात्र स्पष्ट. "जिजू, बाळ रडायला लागलंय. किती थांबायचं? मी ठेवते ना!"

शालनने पडद्यावरून मान वर केली.

"डबी कुठे आहे?" तिने विचारलं.

मी फळीकडे पाहिलं. फळीवर डबी नव्हती. डबीच्या जागी एक मोठं स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं होतं. त्याच्या कडेखालून एक काळी वायर बाहेर येत होती. शेजारी पिण्याच्या पाण्याचा हंडा, दुधाचं भांडं, लोणच्याची बरणी. सगळ्यांवर झाकणं.

"वहिनी," मी म्हणालो, "डबीवर पातेलं?"

"पहाटेच घातलं. वेध लागले ना. घरातलं सगळं झाकायचं, हे म्हणाले. मी म्हटलं, अहो ती काय खायची वस्तू आहे? तर म्हणाले, दिवसभर बाहेरची हवा आत घेत असते, तिला आधी झाक."

आता मला त्यात चूक दाखवता येईना. हवेतून येणारी गोष्ट, ग्रहणाची हवा. माझ्यापेक्षा अनंतरावांना वायफाय जास्त कळलं होतं, एवढंच म्हणता येईल.

"काढा ते," मी म्हणालो.

अनंतरावांनी मान हलवली. नाही.

"अहो, पाच मिनिटं!"

नाही. त्यांनी वर छताकडे, म्हणजे सूर्याकडे, बोट दाखवलं. मग दोन्ही हात जोडले, आमच्यापुढे. माफ करा, पण नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, थंडीचं की आणखी कशाचं ते सांगता येत नाही.

मी शालनच्या कानाशी गेलो. "चल, न्हाणीघरात. निदान आवाज तरी जाईल."

"नाही."

"अगं, तिकडे ती रेयांश करून मोकळी होईल."

"होऊ दे. मी नाव घेऊन इतकी वर्षं..." ती मध्येच थांबली. मग तिने पदर खोचला आणि पाटाकडे वळली. माझ्याशी भांडताना ती आवाज चढवते. त्या वेळी तिने तो अगदी खाली आणला.

"अनंतभावजी, रागावू नका, एक विचारते. दुधावर तुळशीचं पान ठेवलंत?"

मान हलली. ठेवलंय.

"का ठेवायचं?"

अनंतराव गोंधळले. हा प्रश्न बोटांनी सोडवण्यासारखा नव्हता. उत्तर वहिनींनी दिलं. "पान ठेवलं की दोष लागत नाही ना."

"म्हणजे पान असलं की ग्रहण सुटल्यावर ते दूध टाकायला लागत नाही."

"नाही टाकत. चालतं."

"आणि त्या डबीवर पान ठेवलंय?"

फोनमधून एक बाळ रडल्याचा तुटक आवाज आला. अनंतरावांनी हळूच एक बोट वर केलं. एक पान. ठेवलंय. अनंतराव अर्धवट काम करणाऱ्यांतले नव्हते.

"मग राखण पान करतंय," शालन म्हणाली, "की पातेलं?"

अनंतराव तिच्याकडे पाहत राहिले. जन्मभर त्यांनी एका मालाला दोन पावत्या कधी लावल्या नव्हत्या. त्यांनी माळेकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. ओठ हलले, म्हणजे मनातल्या मनात कुणाशी तरी बोलणं झालं असावं. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि हात असा वर केला, जसा ते गोदामाचं शटर वर करताना करत असतील.

वहिनी धावल्या. त्यांनी पातेलं उचललं. खाली डबी होती, तिच्या अंगावर हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि मधोमध एक तुळशीचं पान, उबेने जरासं कोमेजलेलं.

"हे ठेवू कुठे?" वहिनी पातेलं दोन्ही हातांत धरून म्हणाल्या. अनंतरावांनी घाईघाईने खूण केली. खाली नाही! खाली टेकलं की सोवळं गेलं. "बरं, बरं, धरून उभी राहते."

फोनमधला दिगू एकदम हलला. उघडं राहिलेलं तोंड मिटलं. "ताई! अगं दिसतेयस! ऐकू येतंय का?"

"येतंय रे."

"ताई, लवकर! नथ घातलीस होय? वा! हे कुणाचं घर? मागे ते कोण बसलेत उघडे?"

"ते शेजारचे. त्यांच्या कृपेने दिसतेय मी. बाळ कुठाय?"

पडदा हलला, फुगे गेले, साड्या गेल्या, आणि समोर बाळ आलं. रडून लाल झालेलं, टोपडं कानावर आलेलं. शालन ते टोपडं पडद्यावरूनच सारखं करायला गेली.

"आत्या," पल्लवीचा आवाज आला, "पटकन सांगून टाका ना, स्पीकर आहे."

"स्पीकरवर नाही," शालन म्हणाली. "सगळ्या जगाला सांगायला ती जाहिरात आहे का? फोन बाळाच्या कानाला लावा. दिगू, टोपडं वर कर. त्या कानाला नाही, उजव्या."

तिकडे फोन बाळाच्या कानाला लागला. आमच्या पडद्यावर फक्त गुलाबी अंधार आला. शालनने आमचा फोन दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला.

"वहिनी," ती मागे न बघता म्हणाली, "नाव घेतलं की पाठीत मारायचं. विसरू नका. त्याशिवाय बारसं पुरं होत नाही."

"मारते की. पण माझे हात कुठे मोकळे आहेत?" वहिनी पातेल्यासकट म्हणाल्या. "भावजी, तुम्हीच मारा."

"मी?"

"मारा हो. इतक्या वर्षांत तुम्हालाही एकदा संधी."

अनंतरावांनी पाटावरून मान डोलावली. शास्त्राची हरकत नव्हती. मी शालनच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि हात उगारला. एवढ्या जवळ उभं राहिल्यावर जे बाळासाठी होतं ते मलाही ऐकू येणार होतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलं असावं.

"कुर्रर्र," शालन म्हणाली. आणि अगदी हळू, "निरंजन."

हे नाव मी आयुष्यात एकदाच तिच्या तोंडून ऐकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षी, माहुलीला संगमावर आम्ही पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो होतो. ती म्हणाली होती, मुलगा झाला तर निरंजन. मी म्हणालो होतो, चालेल. एवढंच बोलणं झालं. मग ते नाव लागलंच नाही. तिने ते पुन्हा काढलं नाही आणि मीही नाही. मला वाटत होतं, ती विसरली असेल.

"भावजी, मारा ना!" वहिनी म्हणाल्या. "काय हात उगारून उभे राहिलात!"

मी हात खाली आणला. तो शालनच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. तिने मान वळवली नाही. पण पाठ जरा मागे रेलली.

"असला कसला बुक्का!" वहिनी म्हणाल्या.

"ताई," फोनमधून दिगूचा आवाज आला, "अगं काय ठेवलंस? आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. पण गंमत बघ, रडायचा थांबला."

"निरंजन," शालन या वेळी मोठ्याने म्हणाली.

तिकडे टाळ्या झाल्या. कुणीतरी दोनदा नाव म्हणून पाहिलं. पल्लवी म्हणाली, "जरा जुनं आहे, पण छान आहे हं आत्या." शालन म्हणाली, "जुनंच आहे गं. खूप वर्षांचं." मग पेढे दिसले, मग एक केक दिसला, त्याच्यावर कुणीतरी आगाऊ रेयांश लिहून आणलेलं होतं ते बोटाने पुसत असलेली पल्लवी दिसली, आणि शालनला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसू आलं.

फोन संपल्यावर वहिनींनी पातेलं पुन्हा डबीवर घातलं. अनंतरावांनी माळ कानावरून काढली आणि मणी जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. आम्ही पाय न वाजवता घरी आलो.

घरी आल्यावर मी शालनला म्हणालो, "मला वाटलं, विसरलीस."

"काय?"

"काही नाही."

"चहा ठेवू का?" ती म्हणाली. मग आठवून, "नको, ग्रहण आहे. अकराला ठेवते."

अकरानंतर अंघोळ करून, कोरडे कपडे घालून अनंतराव आमच्या दारात आले. हातात शालनने काल वड्या भरून पाठवलेला डबा, आता चिवडा भरलेला. इतक्या तासांनी उघडलेलं तोंड, म्हणून आवाज जरा गंजलेला होता.

"नाव छान आहे," ते म्हणाले. "पेंढारकर, इकडे या."

त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. चव्वेचाळीस एकाहत्तर आता घरभर झाला होता, तेव्हा स्टोअरकीपरला पासवर्ड बदलणं भाग होतं. या वेळी त्यांनी फोन मागितला नाही. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं, कुर्रर्र केलं आणि नवा पासवर्ड सांगितला. मागे उभ्या असलेल्या वहिनींचे हात या वेळी मोकळे होते. माझ्या पाठीत असा काही बुक्का बसला की चिवड्याचा डबा वाजला.

पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो, म्हणून मी तो शालनलाही सांगितला नाही. ती म्हणाली, नका सांगू. तिने फोन घेतला, पाठ फिरवली आणि मला काही न विचारता आठ इंग्रजी अक्षरं टाकली. पंखा पुरता उघडला.